काढलेला माणूस परत येतोच

रात्री पावणेबाराला ग्रुपवर एक नवीन नंबर लिंकवरून जॉईन झाला. डीपीला समुद्रावरचा सूर्यास्त, नाव "कोकणी माणूस". पहिला मेसेज नुसता "नमस्कार मंडळी", दुसऱ्यात सकाळच्या एसटीची चौकशी, आणि तिसऱ्यात आलं "सदर बाब गंभीर आहे.." आणि मी अंथरुणात उठून बसलो. वाक्याच्या शेवटी दोन टिंबं, एक नाही तीन नाही, बरोब्बर दोन, आणि तो "सदर" शब्द. आमच्या अख्ख्या वाडीत असं लिहिणारा एकच माणूस. पाच मिनिटांत मला चार जणांचे पर्सनलवर मेसेज, भाऊ, नाना परत आले.

नानांना आम्ही मे २०२१ मध्ये ग्रुपवरून काढलं होतं. गाव गुहागर तालुक्यातलं, ग्रुप वाडीचा आणि मुंबई मंडळाचा मिळून एकच, आणि तेव्हा व्हॉट्सॲपला २५६ ची मर्यादा होती त्यामुळे एक गेला की एक येणार अशी वेटिंग लिस्ट असायची. कोरोनाची दुसरी लाट चालू होती, चाकरमान्यांना गावात घ्यायचं की नाही, घेतलं तर शाळेत ठेवायचं की घरी, हे भांडण आदल्या वर्षीपासून पेटलेलंच होतं. त्यात नानांनी एका घराबद्दल, ज्या घरात दोन माणसं पॉझिटिव्ह होती, असं काही लिहिलं की ते मी इथे परत टाईप करणार नाही. त्या घरातली सून ग्रुपवर होती, तिने ते वाचलं. मी अर्ध्या तासात नानांना काढलं आणि आजही मला वाटतं ते बरोबरच केलं. माझा प्रश्न काढण्याबद्दल नाहीच, काढल्यानंतर काय, त्याबद्दल आहे.

कारण काढलेला माणूस परत येतोच. बायकोच्या नंबरवरून येतो, मुलाच्या जुन्या सिमवरून येतो, नवीन सिम घेऊन येतो. आपल्याकडे एका माणसाच्या नावावर साधारण ९ सिम घेता येतात, आणि ॲडमिन काढतो तो नंबर, माणूस नाही. ग्रुपची लिंक एकदा बाहेर गेली की ती कोणाच्या मामेभावाकडे, कोणाच्या ऑफिसातल्या मित्राकडे कुठे कुठे असते देव जाणे. तेव्हा लिंकवरून येणाऱ्याला आधी मंजुरी द्यायची सोयपण नव्हती, ती २०२३ ला आली. पण मंजुरीची सोय असली तरी काय, "मी अमक्याचा जावई, ठाण्याला असतो" असं लिहून कोणीही येऊ शकतो आणि मी काय जावयाची कुंडली मागणार आहे का. म्हणजे ज्याला परत यायचंच आहे त्याला आपण अडवू शकत नाही, ही गोष्ट आधी मान्य करायला पाहिजे, आणि बहुतेक ॲडमिन लोक ती मान्य करत नाहीत, मीपण केली नव्हती.

मी काय केलं तर शोध चालू केला. "कोकणी माणूस" उडवला, चार दिवसांनी "जय गणेश" आला, तो उडवला, मग एका बाईच्या नावाने नंबर आला. मग आमचा पाच ॲडमिनचा वेगळा ग्रुप, त्यात स्क्रीनशॉट, हा बघा इथे पण दोन टिंबं आहेत, हा बघा रात्रीच ऑनलाईन असतो, ह्याने "सदर" लिहिलंय. तीन आठवडे. आत्ता मागे वळून बघतो तेव्हा एक गोष्ट टोचते, त्या तीन आठवड्यांत ह्या खोट्या नंबरांवरून आलेले मेसेज मोजून वीसेक असतील आणि त्यातले निम्मे साधे होते, पाणी कधी येणार, टेम्पो कोणाचा आहे असले. आणि नानांबद्दल आम्ही आणि बाकी ग्रुपने लिहिलेले मेसेज शेकड्याने. ग्रुप बिघडवला कोणी म्हणाल तर आम्हीच जास्त बिघडवला. नाना तिकडे कुठल्यातरी नंबरवरून हे सगळं वाचत असणार आणि आपण नसतानाही गाव आपल्याबद्दलच बोलतंय ह्याचं त्यांना वाईट वाटत असेल असं मला तरी वाटत नाही.

आणि मग विरारचा पोरगा. हे मला सविस्तर लिहायचंय कारण माझं सगळं म्हणणं ह्याच्यावर उभं आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक पोरगा ग्रुपवर आला, वेटिंगमधला, कोणीतरी लिंक दिलेली. प्रोफाईलला फोटो नाही, नावाच्या जागी नुसतं एक अक्षर. दोन-तीन दिवस गप्प. मग मंडळाच्या वर्गणीचा हिशोब निघाला तेव्हा त्याने लिहिलं की सदर हिशोब पीडीएफ मध्ये टाकावा. बस. सदर. आम्ही पाच जणांनी दहा मिनिटांत ठरवलं हा नानाच, आणि काढलं, आणि वर ग्रुपवर जाहीर केलं की खोट्या नावाने आलेल्या इसमाला काढण्यात आलं आहे. लोकांनी अंगठे दिले. तो पोरगा एका कुरिअर कंपनीत कामाला होता आणि दिवसभर ऑफिसच्या ईमेलमध्ये "सदर पार्सल" "सदर पत्ता" हेच लिहायचा, हे मला पुढे कळलं. कोणीही विचारलं असतं तर एका फोनमध्ये कळलं असतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, २२ जुलै २०२१, चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढलं, फोन लागेनात, ज्यांचे लागत होते त्यांची बॅटरी संपत आली होती. आमच्या गावातली निम्म्या घरांची लेक-बहीण चिपळुणात दिलेली. त्या दिवशी आमचा ग्रुप म्हणजे ग्रुप नव्हता, दोर होता. कोण कुठल्या गच्चीवर आहे, कोणाला बोट मिळाली, कोणाशी बोलणं झालं, सगळं तिथेच येत होतं. त्या पोराची सख्खी मावशी चिपळुणात होती. ती शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर सुखरूप आहे हा मेसेज आमच्या ग्रुपवर दुपारीच आला होता, नावासकट. त्याला ते कळलं दुसऱ्या दिवशी रात्री, कोणाच्यातरी कोणाकडून. दीड दिवस तो विरारला बसून फोन लावत होता आणि उत्तर ज्या ठिकाणी पडलेलं होतं तिथून त्याला मी माझ्या हाताने बाहेर काढलेलं होतं.

म्हणून मी आता कोणाचा चेहरा शोधत नाही. कोणी काय लिहिलंय ते बघतो. वाईट लिहिलं असेल तर ते लिहिलेलं जायला पाहिजे, मग ते नानांनी लिहिलेलं असो की सरपंचांच्या भावाने. आणि साधं लिहिलं असेल तर साधं उत्तर द्यायचं, भले टिंबं दोन असोत. लोक म्हणतात की अरे पण तो खोट्या नावाने आलाय, म्हणजे फसवतोय, त्याला असंच सोडायचं का. मी म्हणतो तो फसवून काय मिळवतोय ते बघ. फसवून टेम्पोचा नंबर मिळवत असेल तर मिळवू दे. फसवून परत त्याच घरावर चिखल उडवत असेल तर तो मेसेज उडव, नंबर उडव, आणि जाहीर काही करू नको. नाव ओळखल्याचा आनंद आपल्याला होतो खरा, पण त्यातून गावाला काहीच मिळत नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. २०२१ ला ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज डिलीट करताच येत नव्हता. ती सोय २०२२ मध्ये आली. त्याआधी आमच्या हातात एकच हत्यार, माणूस आत घे किंवा बाहेर काढ. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच एका केसमध्ये असं म्हटलेलं की ॲडमिनच्या हातात मेंबर घेणं आणि काढणं एवढंच असतं, त्यामुळे दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी ॲडमिनला आपोआप गुन्हेगार धरता येणार नाही. हातात फक्त कोयता असला की माणूस प्रत्येक गोष्टीला झाडासारखा बघतो, आमचं तसंच झालं. आता कोयता एकच नाही राहिला तरी सवय तीच आहे. अजून बहुतेक ग्रुपवर पहिली मागणी येते ती "ह्याला काढा", "हा मेसेज काढा" असं क्वचित कोणी म्हणतं.

आणि हा प्रश्न काय आपल्याच गावाचा नाही. विकिपीडियावाल्यांनी तर ह्याच्यावर किती वर्षं घालवली आहेत. तिथे बंदी घातलेला माणूस दुसऱ्या नावाने परत आला की त्याला सॉकपपेट म्हणतात, म्हणजे मोज्यात हात घालून केलेली बाहुली, हात तोच मोजा नवीन. त्यांच्याकडे खाती कुठून चालतात ते तपासायची सोय आहे पण ती मोजक्या विश्वासातल्या लोकांकडेच, आणि त्यांनापण नियम असा की ठोस कारण असल्याशिवाय, नुसतं जाळं टाकून बघूया काय लागतंय ते, असं करायचं नाही. मला हे वाचून आमच्या पाच जणांच्या ग्रुपची लाज वाटली. आम्ही जाळंच टाकलं होतं आणि लागलं ते भलतंच पोर. पण इंग्रजी विकिपीडियाची मला जास्त आवडलेली गोष्ट वेगळी. काढलेल्या माणसासाठी तिथे एक जुनी रीत आहे, निदान ६ महिने लांब राहा, त्या काळात दुसऱ्या नावाने येऊ नको, जे केलंस ते परत करणार नाही असं सांग, मग परत घ्यायचा विचार करू. बंधन नाही, हक्क नाही, पण रस्ता आहे. आणि अट कुठली तर खोट्या नावाने न येण्याची. म्हणजे जो सगळ्यात मोठा त्रास, तो न देण्याचं काहीतरी बक्षीस आहे. आमच्या ग्रुपवर नानांना खोट्या नावाने न येण्याचं काय कारण दिलं होतं आम्ही? काहीच नाही. कायमचं काढलं होतं. खऱ्या नावाला दार बंद, खोट्या नावाला उघडं.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे खरं तर वेगळं शिकवायला नको. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. सगळे शंभर टक्के पाळतात असं कोणी म्हणणार नाही, पण बंदरावर जाऊन बघा, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, माणसं सावलीला बसून जाळी शिवत असतात, कोणी इंजिन खोलून बसलेला असतो. पोटावर मारणारी बंदी आहे ती, तरी बहुतेक लोक पाळतात, आणि त्याचं एक मोठं कारण मला दिसतं ते हे की तारीख माहीत आहे. ३१ जुलै येणार आहे. नारळी पौर्णिमा येणार आहे. हीच बंदी जर अमक्या बोटीने कधीच जायचं नाही अशी असती तर ती बोट रात्री दिवे मालवून गेलीच असती, नंबर पुसून गेली असती. ज्या बंदीला शेवट नाही ती माणूस पाळत नाही, चुकवतो.

आता वाळीत टाकण्याबद्दल. मला माहितीये हा शब्द काढला की लोक चिडतात, भाऊ तुम्ही व्हॉट्सॲपवरून काढणं आणि वाळीत टाकणं एकाच मापाने कसं मोजता. एकाच मापाने मोजत नाहीच. वाळीत म्हणजे काय ते कोकणाने बघितलंय, रायगड जिल्ह्यातल्या गावांतून तर एकामागून एक प्रकरणं बाहेर आली, बोलायचं नाही, दुकानात माल द्यायचा नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या विरोधात मोहीम चालवली, मग सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा झाला, ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ग्रुपवरून काढणं हे ते नाही. पण मी विचारतो, आज आमच्या गावात नळाला पाणी कधी सुटणार हे कुठे कळतं? ग्रुपवर. लाईट का गेली, ग्रुपवर. रेशन आलं, ग्रुपवर. कोण गेलं आणि किती वाजता उचलणार, ग्रुपवर, आता दवंडी कोण देतं? मग त्या ग्रुपमधून कायमचा काढलेला माणूस मयताला पोचू शकत नाही, आणि त्याने येऊ नये असं आमच्या कोणाच्याच मनात नव्हतं. न ठरवता झालेली गोष्ट आहे ही, म्हणून जास्त भीती वाटते.

ह्यावर आम्ही ऑगस्ट २०२१ ला जे केलं ते कोणत्याही गावाला एका संध्याकाळी करता येईल. दोन ग्रुप केले. एक सूचनांचा, त्यात फक्त ॲडमिनच लिहू शकतात, ही सोय २०१८ पासून आहे. पाणी, लाईट, मयत, पालखी, वादळाचा इशारा हे सगळं तिथे, आणि त्या ग्रुपमधून कोणालाही कधीही काढायचं नाही, त्याने काहीही केलेलं असो. तिथे लिहिताच येत नाही तर काढायचं कशाला. दुसरा ग्रुप गप्पांचा, वादाचा, तिथे नियम, आणि नियम मोडला की ठराविक मुदतीसाठी बाहेर, तारीख सांगून. नानांना सूचनांच्या ग्रुपवर त्यांच्या खऱ्या नंबरने घेतलं. आणि मी त्यांच्या घरी गेलो. पडवीत बसलो, त्यांच्या बायकोने चहा दिला, कोणी त्या नंबरांबद्दल बोललं नाही, मीपण विचारलं नाही. एवढंच सांगितलं की नाना, त्या घरी जाऊन एकदा बोलून या आणि दिवाळीनंतर एक तारखेला तुम्ही गप्पांच्या ग्रुपवर परत. ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवसानंतर एकही कोकणी माणूस, एकही जय गणेश आला नाही. आणि त्या तारखेला सकाळी साडेसहाला फोन, "आज तारीख आहे ना रे." नाना काही देवमाणूस झाले नाहीत, त्यानंतर दोनदा त्यांचे मेसेज मी डिलीट केलेत. पण ते नानाच्या नावाने लिहितात, आणि मला ते पुरतं.

ह्याला एक अपवाद आहे आणि तो मी ठासून लिहिणार आहे. बाईच्या मागे लागणारा. ग्रुपवरून नंबर उचलून रात्री पर्सनलवर मेसेज करणारा, काढला की दुसऱ्या नंबरवरून परत तिलाच गाठणारा. त्याला मुदत नाही, तारीख नाही, पडवीत चहा नाही. तिथे नाव बदलून येणं हाच त्रास आहे, कारण त्या बाईला प्रत्येक नवीन नंबरची भीती वाटायला लागते. तिथे शोध घ्यायचा, पण तो आम्ही पाच भाऊ-काकांनी टिंबं मोजून नाही. स्क्रीनशॉट, नंबर, तारीख-वेळ तिच्याकडे नीट ठेवायला मदत करायची आणि तिची तयारी असेल तर तिच्याबरोबर पोलीस स्टेशनला जायचं किंवा सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करायची. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ ह्याच्यासाठीच आहे, बाई नको म्हणत असताना तिच्याशी संपर्क करत राहणं, तिच्या ऑनलाईन बोलण्यावर नजर ठेवणं हा गुन्हा आहे. आणि दुसऱ्याचा नाव-फोटो लावून कोणी फसवणूक करत असेल तर आयटी ॲक्टचं ६६ ड आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा. गावातल्या गावात मिटवू, त्याच्या आईकडे बघा, असं म्हणणारे असतात. मिटवायचं कोणासाठी, हे त्यांना विचारा.

पण म्हणून उठून सगळ्यांकडे आधारकार्डाचा फोटो मागायचा, ही जी नवीन टूम निघालीये शेजारच्या एका गावाच्या ग्रुपवर, तिला माझा कडक विरोध आहे. एकतर आधारचे फोटो ॲडमिनच्या मोबाईलमध्ये पडून राहणार, तो मोबाईल त्याची पोरं गेम खेळायला घेणार. आणि दुसरं म्हणजे वेगळ्या नावाने बोलणारा प्रत्येक माणूस लबाड नसतो. नाव बदलून लिहिणं आपल्या मातीतलंच आहे, मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले जगाला केशवसुत म्हणून माहीत आहेत. ते कवी होते, त्यांचं सोडा. एखादी सून सासरच्या गावाच्या ग्रुपवर दुसऱ्या नावाने विचारते की दारूबंदीचा ठराव ग्रामसभेत आणायचा कसा, ती स्वतःच्या नावाने विचारू शकते का? मंडळाचा हिशोब मागणारा, वाळूचा डंपर रात्री कोणाचा जातो विचारणारा, ह्यांना नाव लावायला सांगणं म्हणजे गप्प बसायला सांगणं आहे. खऱ्या नावाची किंमत काय असते ते पालघरने बघितलंय. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंदबद्दल एका पोरीने स्वतःच्या नावाने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्याला लाईक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्यांच्यावर लावलेलं आयटी ॲक्टचं ६६ अ कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, पण अटक व्हायची ती होऊन गेली होती.

आणखी एक उपाय लोक सुचवतात, मोठ्या साईटवर तो करतातही, की माणसाला काढायचंच नाही, त्याचं लिहिलेलं फक्त त्याला स्वतःलाच दिसेल असं करायचं, बाकी कोणाला दिसणार नाही. म्हणजे तो बोलत बसणार आणि त्याला वाटणार सगळे ऐकतायत. मला हे ऐकूनच कसंतरी झालं. नाना पडवीत बसून टाईप करतायत आणि कोणाला काही दिसत नाहीये, आणि त्यांना ते माहीतच नाही. खोट्याला खोट्याने उत्तर देऊन मग आपण त्यांना खरं नाव लावा असं कुठल्या तोंडाने सांगणार. शिक्षा द्यायची तर तोंडावर द्या, किती दिवसांची ते सांगा.

विरारच्या पोराला मी त्याच वर्षी गणपतीत घरी जाऊन भेटलो. माफी मागितली, ग्रुपवरपण जाहीर मागितली, जेवढ्या जोरात त्याला काढल्याचं जाहीर केलं होतं तेवढ्याच जोरात. तो म्हणाला, "असू दे काका, होतं असं." मोदक आणून दिले. पण ग्रुपवर परत आला नाही, सूचनांच्या ग्रुपवरसुद्धा नाही, दोन वेळा लिंक पाठवली तरी नाही. मग मी त्याला सांगितलं की ठीक आहे, तू येऊ नको. तेव्हापासून सूचनांच्या ग्रुपवर काही पडलं की मी तेच परत त्याला वेगळं पाठवतो. पाणी, लाईट, पालखी, कोण गेलं. काल रात्री वाऱ्याचा इशारा आला तोपण पाठवला. निळ्या टिका पडतात, उत्तर कधी येतं कधी येत नाही.